ओपन सोर्स प्रकल्पाला सीआय जोडताना

माझ्या एका छोट्या पायथन लायब्ररीच्या सगळ्या टेस्ट चार महिने न चुकता पास होत होत्या. मग कुणीतरी रिपॉझिटरी (प्रकल्पाच्या कोडचं भांडार) क्लोन केली, म्हणजे तिची प्रत उतरवून घेतली, रीडमीत लिहिलेली आज्ञा चालवली आणि पहिल्याच इम्पोर्टला गाडी अडली. एक मदतनीस फाइल मी कधी कमिटच केली नव्हती, म्हणजे रिपॉझिटरीत नोंदवलीच नव्हती. माझ्या फोल्डरमध्ये ती पडून होती, म्हणून माझ्याकडे सगळं आलबेल. त्या माणसानं निदान इश्यू (तक्रारीची नोंद) उघडायचे कष्ट घेतले. त्याच्याआधी किती जण मुकाट्यानं निघून गेले असतील, देव जाणे.

कंटिन्युअस इंटिग्रेशन, म्हणजे रोजच्या बोलण्यातलं सीआय, अशा चुका पकडायला असतं. नाव भारदस्त असलं तरी काम साधं आहे. कोडमध्ये बदल आला की कुठेतरी एक कोरं मशीन उभं राहतं, तुमची रिपॉझिटरी क्लोन करतं, तुम्ही सांगितलेल्या आज्ञा ओळीनं चालवतं, जमलं की फसलं ते सांगतं आणि पुसलं जातं. प्रकल्पाबद्दल काडीची माहिती नसलेला एक नवखा माणूस दर कमिटला हजर असावा, तसंच हे. पुढच्या प्रत्येक पायरीवर हा नवखा डोळ्यांसमोर ठेवा. निम्मे निर्णय आपोआप सुटतात.

थोडा इतिहास, कारण त्यातून एक कामाची गोष्ट निघते. 'कंटिन्युअस इंटिग्रेशन' हा शब्दप्रयोग सॉफ्टवेअर अभियंते ग्रेडी बूच यांनी १९९१च्या सुमारास वापरला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग ही कार्यपद्धती पाळणाऱ्यांनी त्याची रोजची सवय केली. २००१मध्ये क्रूझकंट्रोल आलं, पुढे हडसन आलं आणि २०११मध्ये त्याचंच नाव जेंकिन्स झालं. ही सगळी आपल्या सर्व्हरवर बसवायची साधनं होती. त्याच २०११मध्ये ट्रॅव्हिस सीआय आलं आणि ओपन सोर्सवाल्यांची चैन झाली: रिपॉझिटरीत एक फाइल टाका, बाकी फुकट. २०२०च्या अखेरीस त्यांनी फुकट वापरावर बंधनं आणली आणि प्रकल्पांची दुसरीकडे धावपळ सुरू झाली. ज्यांच्या सीआय फाइलमध्ये दोनशे ओळींचं तर्कशास्त्र भरलेलं होतं त्यांचे त्यात दिवसच्या दिवस गेले. ज्यांची फाइल 'इन्स्टॉल कर, टेस्ट चालव' एवढीच होती त्यांचं काम एका दुपारीत उरकलं.

पायरी १: फाइल नंतर, आधी एक आज्ञा

म्हणून सुरुवात सीआयच्या फाइलपासून करायची नाही. आधी आपल्याच मशीनवर अशी व्यवस्था करा की एका आज्ञेत सगळं बसेल आणि दुसऱ्या आज्ञेत सगळं तपासलं जाईल. मेकफाइल (आज्ञांना नावं देऊन ठेवणारी फाइल) असेल तर 'मेक इन्स्टॉल' आणि 'मेक टेस्ट'. पायथनमध्ये नॉक्स किंवा टॉक्स चालेल, जावास्क्रिप्टमध्ये 'एनपीएम टेस्ट', रस्टमध्ये 'कार्गो टेस्ट'. साधी शेल स्क्रिप्टही पुरते. मुद्दा इतकाच, की काय तपासायचं हे तुमच्या रिपॉझिटरीत लिहिलेलं असावं आणि सीआयच्या फाइलनं फक्त ती आज्ञा हाक मारून बोलवावी.

मग एक प्रयोग करा. तात्पुरत्या फोल्डरमध्ये स्वतःचीच रिपॉझिटरी नव्यानं क्लोन करा, नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पॅकेजांसाठी वेगळी, कोरी जागा) बनवा आणि स्वतःचा रीडमी शब्दशः पाळा. 'हे तर मला माहीतच आहे' म्हणून एकही ओळ गाळू नका. माझ्या अनुभवात हा प्रयोग पहिल्या फटक्यात क्वचितच यशस्वी होतो. कुठे एखादं पॅकेज यादीत लिहायचं राहिलेलं असतं, कुठे एखादा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आपल्या शेलच्या सेटिंगमध्ये दोन वर्षांपूर्वी घालून आपण विसरलेलो असतो.

सीआयला तुमच्या आउटपुटमधलं काहीही कळत नाही, हे इथेच मनावर ठसवून घ्या. स्क्रीनवर 'एरर' असं दहा वेळा छापलं तरी त्याला फरक पडत नाही. त्याला कळतो तो आज्ञेचा एक्झिट कोड: शून्य म्हणजे यश, बाकी काहीही म्हणजे अपयश. यात एक जुना खड्डा आहे. तुम्ही टेस्टचं आउटपुट पाइपमधून दुसऱ्या आज्ञेकडे पाठवलंत, समजा 'टी' वापरून फाइलमध्ये उतरवलंत, तर शेलच्या नेहमीच्या वागण्यानुसार एक्झिट कोड शेवटच्या आज्ञेचा धरला जातो. टेस्ट फसतात, 'टी' यशस्वी होते आणि सीआय हिरवं दिसतं. बॅशमध्ये यावर 'पाइपफेल' हा पर्याय आहे. गिटहब अ‍ॅक्शन्सवर तर आणखी गंमत: लिनक्सवर शेल कुठलं ते सांगितलंच नाही तर पाइपफेल लागत नाही, पण 'शेल: बॅश' असं स्पष्ट लिहिलंत तर लागतं.

टेस्टच नाहीत? बरेच जण इथेच थांबतात आणि 'आधी टेस्ट लिहीन, मग सीआय' असं ठरवून दोन्ही करत नाहीत. एक टेस्ट लिहा. पॅकेज बसतं आणि इम्पोर्ट होतं, किंवा कमांड-लाइन साधन असेल तर 'हेल्प' दाखवून शून्यानं बाहेर पडतं, एवढं तपासलं तरी माझी ती न कमिट केलेली फाइल पहिल्याच दिवशी सापडली असती.

पायरी २: सेवा निवडणं

यात फार वेळ घालवू नका. कोड जिथे आहे तिथलीच सेवा घ्या. गिटहबवर असाल तर गिटहब अ‍ॅक्शन्स, जी नोव्हेंबर २०१९पासून सर्वांना खुली आहे आणि सार्वजनिक रिपॉझिटरीला नेहमीचे रनर, म्हणजे आज्ञा चालवणारी मशीनं, फुकट देते. गिटलॅबवर असाल तर गिटलॅब सीआय. कोडबर्गवर फोर्जेयो अ‍ॅक्शन्स आणि वुडपेकर हे पर्याय आहेत. पुढचं उदाहरण गिटहबचं घेतो, कारण नवख्यांची गाठ बहुधा त्याच्याशीच पडते. कल्पना सगळीकडे त्याच आहेत.

घरात पडलेला जुना संगणक रनर म्हणून जोडायचा मोह काहींना होतो. सार्वजनिक रिपॉझिटरीसाठी हे करू नका. कोणीही अनोळखी माणूस पुल रिक्वेस्ट ('माझा बदल सामील करून घ्या' अशी विनंती) पाठवून त्या संगणकावर आपला कोड चालवू शकेल. खुद्द गिटहबचा सल्लाही हाच आहे.

पायरी ३: पहिला वर्कफ्लो

रिपॉझिटरीत 'डॉट गिटहब' नावाचं फोल्डर, त्यात 'वर्कफ्लोज' आणि त्यात एक यामल (सेटिंग लिहायची साधी मांडणी) फाइल. नाव काहीही द्या. आत काय हवं, ते आधी आपल्या भाषेत मांडू:

नाव: चाचण्या
कधी: मेन ब्रँचवर पुश झाल्यावर, आणि पुल रिक्वेस्ट आल्यावर
परवानगी: रिपॉझिटरीतला मजकूर फक्त वाचायची
जॉब: टेस्ट
– मशीन: उबुंटू २४.०४
– वेळमर्यादा: १० मिनिटं
– स्टेप १: कोड उतरवून घे
– स्टेप २: पायथन ३.१२ बसव
– स्टेप ३: मेक इन्स्टॉल
– स्टेप ४: मेक टेस्ट

प्रत्यक्ष फाइलमध्ये यातल्या 'कधी'साठी 'ऑन', परवानगीसाठी 'परमिशन्स', मशीनसाठी 'रन्स-ऑन', वेळमर्यादेसाठी 'टाइमआउट-मिनिट्स' असे शब्द इंग्रजी छोट्या अक्षरांत लिहायचे असतात. स्टेप दोन प्रकारच्या. 'यूझेस' म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेली तयार अ‍ॅक्शन वापरणं. पहिल्या दोन स्टेप तशा आहेत, एक 'चेकआउट' आणि दुसरी 'सेटअप-पायथन'. 'रन' म्हणजे थेट शेलची आज्ञा. चेकआउटची स्टेप विसरणं ही नवख्यांची हमखास चूक. कोरं मशीन खरोखरच कोरं असतं, तुमचा कोडही त्यावर आपोआप येत नाही.

'कधी'मध्ये पुशला मेन ब्रँचची अट का? ती नसेल तर तुमच्याच रिपॉझिटरीतल्या ब्रँचवरून उघडलेल्या पुल रिक्वेस्टसाठी प्रत्येक कमिटला सगळं दोनदा चालतं. वेळमर्यादा का? काही न सांगितल्यास एखादा जॉब ३६० मिनिटं, म्हणजे सहा तास, लटकून राहू शकतो. नेटवर्कची वाट पाहत अडकलेली एक टेस्ट तेवढ्याला पुरते. आणि 'उबुंटू-लेटेस्ट' का नाही? ते चालतं, पण 'लेटेस्ट' ही सरकती खूण आहे. २२.०४वरून ती २४.०४वर गेली तेव्हा काहीही न बदलता लाल झालेले प्रकल्प पाहिलेत मी. आवृत्ती नेमकी लिहिली तर ती बदलायचा दिवस तुम्ही ठरवता.

यामलबद्दल दोनच सूचना, पण दोन्ही रक्तानं लिहिलेल्या. इंडेंटसाठी फक्त स्पेस वापरा, टॅब चालत नाही. आणि आवृत्ती क्रमांक नेहमी अवतरणचिन्हांत लिहा. अवतरणाशिवाय ३.१० लिहिलंत तर यामल ती दशांश संख्या समजतं, शेवटचं शून्य गळतं आणि तुम्हाला पायथन ३.१ सापडत नसल्याचा निरोप येतो. पायथन ३.१० आलं तेव्हा याच शून्यानं अनेकांची संध्याकाळ खाल्ली.

फाइल थेट मेनवर ढकलू नका. वेगळ्या ब्रँचवर टाका आणि स्वतःच स्वतःला पुल रिक्वेस्ट पाठवा. योगदान देणाऱ्याला काय दिसतं, ते तुम्हालाही दिसायला हवं.

पायरी ४: मुद्दाम फोडून पाहा

हिरवी खूण दिसली की लगेच मर्ज करावंसं, म्हणजे बदल मेनमध्ये मिसळावासा वाटतो. थांबा. त्याच ब्रँचवर एक टेस्ट मुद्दाम मोडा, एक बरोबर दोन आहे असं ठासून सांगा आणि पुश करा. लाल झालं का? न झाल्यास तुमचं सीआय शोभेचं आहे.

हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं. पाइपचं वर सांगितलंच. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे टेस्ट सापडतच नाहीत. फोल्डरचं नाव बदललं, किंवा फाइलचं नाव ठरलेल्या साच्यात बसेना, की शून्य टेस्ट चालतात. पायटेस्ट अशा वेळी ५ हा एक्झिट कोड देतं, म्हणजे बोंब होते. पण पायथनचं स्वतःचं युनिटटेस्ट ३.१२च्या आधीच्या आवृत्त्यांत शून्य टेस्ट चालवूनही 'ओके' म्हणत असे.

आता लाल लॉग उघडलाच आहे तर तो वाचायचा कसा, तेही शिकून घ्या. शेवटची ओळ सहसा निरुपयोगी असते. 'प्रोसेस एक्झिट कोड १ देऊन संपली' एवढंच ती सांगते. वर सरकत जा आणि पहिली चूक शोधा. खालच्या बहुतेक त्या पहिलीचीच पिलावळ असतात. आपल्याकडे चालतं आणि तिथे नाही, असं असेल तर संशयितांची यादी फार लांब नसते. पहिला संशयित म्हणजे कमिट न केलेली फाइल. मग अक्षरांचा आकार: लिनक्सला 'युटिल्स' मोठ्या अक्षरानं सुरू होतं की लहान, यानं फरक पडतो, विंडोज आणि मॅकओएस नेहमीच्या मांडणीत दुर्लक्ष करतात. मग वेळ: रनरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं, त्यामुळे 'आजची तारीख' तपासणारी टेस्ट दिवसाच्या ठराविक तासांतच फसते. आणि शेवटचा, जो मला सर्वांत उशिरा कळला: चेकआउट पूर्ण इतिहास आणत नाही, फक्त एक कमिट आणतं. गिटच्या टॅगवरून (कमिटला चिकटवलेल्या नावावरून) आवृत्ती काढणारं साधन वापरत असाल तर त्याला टॅग दिसतच नाहीत. 'फेच-डेप्थ' शून्य ठेवलं की सगळा इतिहास येतो.

पायरी ५: किती मशीनवर तपासायचं

'मॅट्रिक्स' हे खेळणं हातात आलं की सगळे वेडे होतात. तीन ऑपरेटिंग सिस्टिम आणि पायथनच्या पाच आवृत्त्या अशा दोन याद्या दिल्या की पंधरा जॉब तयार. एका वर्कफ्लोत २५६पर्यंत जॉब काढता येतात. पण फुकट खात्यावर एका वेळी २० जॉब चालतात, त्यातही मॅकओएसचे ५च. बाकीचे रांगेत उभे राहतात आणि त्यांच्याबरोबर तुमचा योगदानकर्ताही.

माझा कल असा: लिनक्सवर पाचही आवृत्त्या, विंडोज आणि मॅकओएसवर फक्त सर्वांत नवी. सात जॉब झाले. आवृत्तीमुळे येणाऱ्या चुका बहुधा कुठल्याही सिस्टिमवर दिसतात आणि सिस्टिममुळे येणाऱ्या कुठल्याही आवृत्तीवर. प्रत्येक जोडी तपासून हाती फारसं नवं लागत नाही. विंडोज मात्र गाळू नका, तुम्ही स्वतः ते वापरत नसाल तर मुळीच नाही. ओळीच्या शेवटची चिन्हं, पाथमधली उलटी तिरकी रेघ, आणि एन्कोडिंग न सांगता उघडलेली फाइल, ही तीन दुखणी तिथेच बाहेर पडतात. इंग्रजीपलीकडची अक्षरं असलेल्या मजकुरावर काम करणाऱ्या प्रकल्पात तिसरं दुखणं हमखास असतं.

मॅट्रिक्समध्ये 'फेल-फास्ट' बंद करा. ते मुळात चालू असतं, म्हणजे एक जॉब फसला की बाकीचे सोडून दिले जातात. 'फक्त विंडोजवर फसतंय' आणि 'सगळीकडे फसतंय' यातला फरकच मग कळत नाही.

पायरी ६: वेग

पाच मिनिटांत उत्तर आलं तर माणूस जागेवर असतो. पंचवीस मिनिटं लागली तर तो दुसऱ्या कामाला लागतो आणि लाल खूण दुसऱ्या दिवशी बघतो. दोन गोष्टी बहुधा पुरतात. एक, उतरवलेल्या पॅकेजांची कॅश, म्हणजे पुढच्या वेळेसाठी जपून ठेवलेला साठा. सेटअप-पायथनमध्ये ती एका ओळीत चालू होते. सात दिवस कुणी हात लावला नाही तर कॅश पुसली जाते, त्यामुळे कॅशशिवायही सगळं नीट चाललंच पाहिजे. दोन, 'कन्करन्सी': त्याच पुल रिक्वेस्टवर नवी कमिट आली की जुनी धाव रद्द करायची. टायपो सुधारत लागोपाठ चार कमिट करणारे आपण सगळेच असतो.

फॉरमॅटिंग आणि लिंटची (कोडच्या शैलीतल्या चुकांची) तपासणी टेस्टच्या जॉबमध्ये कोंबू नका, वेगळा जॉब करा. एका जास्तीच्या स्पेसमुळे टेस्ट चालल्याच नाहीत, हे नव्या माणसाला चिडवणारं आहे. कव्हरेज (टेस्टमध्ये प्रत्यक्ष चाललेल्या कोडचं प्रमाण) ऐंशी टक्क्यांखाली गेलं तर लाल, असली अट तर पहिल्या वर्षभर लावूच नका.

पायरी ७: अनोळखी माणसाचा कोड

खासगी प्रकल्पात हा प्रश्न जवळजवळ नसतो. ओपन सोर्समध्ये तोच मुख्य आहे, आणि नवख्यांसाठीच्या लेखांत तोच गाळलेला असतो.

टेस्ट चालवणं म्हणजे कोड चालवणं. पुल रिक्वेस्ट पाठवणारा फक्त तुमचं फंक्शन बदलत नाही, तो मेकफाइल बदलू शकतो, टेस्टची मांडणी बदलू शकतो, इन्स्टॉलची स्क्रिप्ट बदलू शकतो. त्याला हवं ते तुमच्या रनरवर चालतं. मशीन नंतर पुसलं जाणार असतं, म्हणून मशीनची काळजी नाही. काळजी आहे ती त्या मशीनच्या हातात तुम्ही काय दिलंय याची: पॅकेज प्रकाशित करायचं टोकन (परवान्याची किल्ली), रिपॉझिटरीत लिहायची परवानगी.

फोर्कवरून (दुसऱ्याच्या खात्यातल्या तुमच्या रिपॉझिटरीच्या प्रतीवरून) आलेल्या पुल रिक्वेस्टला गिटहब मुळातच सिक्रेट, म्हणजे सेटिंगमध्ये जपलेल्या गुप्त किल्ल्या, देत नाही आणि टोकनही फक्त वाचायचं देतं. पहिल्यांदा येणाऱ्याचा वर्कफ्लो तुम्ही मंजुरी दिल्याशिवाय चालतही नाही. ही तटबंदी चांगली आहे. ती आपणच पाडतो, ती अशी: फोर्कवरच्या धावेतून पुल रिक्वेस्टवर कॉमेंट टाकायची असते, परवानगी नाही म्हणून फसते, शोधाशोध केल्यावर कुणीतरी सांगतं की 'पुल रिक्वेस्ट'ऐवजी 'पुल रिक्वेस्ट टार्गेट' लिही, चालेल. चालतं खरं. पण ही घटना मूळ रिपॉझिटरीच्या अधिकारांत धावते, सिक्रेटसकट. एवढ्यानं बिघडत नाही, कारण तीत मुळात तुमचाच कोड चेकआउट होतो. त्यात जर तुम्ही पाहुण्याची ब्रँच चेकआउट करून तिच्या टेस्ट चालवल्यात, तर किल्ल्या त्याच्या हातात दिल्यात. नियम सोपा ठेवा: टेस्टसाठी ही घटना कधीच नाही. लेबल लावणं वगैरे, जिथे पाहुण्याचा कोड चालत नाही, तिथेच.

दुसरी फट यापेक्षा साळसूद दिसते. पुल रिक्वेस्टचं शीर्षक लॉगमध्ये छापावं म्हणून तुम्ही ते वर्कफ्लोच्या दुहेरी महिरपी कंसातून थेट 'रन'च्या आज्ञेत घालता. ते शीर्षक शेलपर्यंत पोचायच्या आधीच मजकूर म्हणून चिकटवलं जातं. शीर्षकात कुणी शेलची आज्ञा लिहिली असेल तर ती चालते. ब्रँचच्या नावाचंही तेच. उपाय: बाहेरून आलेली कोणतीही गोष्ट आधी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि आज्ञेत तो व्हेरिएबल अवतरणांत वापरा.

तिसरी फट म्हणजे 'यूझेस'. तयार अ‍ॅक्शन म्हणजे परक्याचा कोडच. मार्च २०२५मध्ये 'टीजे-अ‍ॅक्शन्स' यांच्या 'चेंज्ड-फाइल्स' या, बदललेल्या फाइली शोधून देणाऱ्या, अ‍ॅक्शनमध्ये कुणीतरी घुसलं आणि तिचे जुने आवृत्ती-टॅग हलवून एका घातक कमिटवर नेऊन ठेवले. २३ हजारांहून जास्त रिपॉझिटरी ती वापरत होत्या. त्या कमिटनं रनरच्या मेमरीतली सिक्रेट लॉगमध्ये छापली, आणि सार्वजनिक रिपॉझिटरीचा लॉग कोणीही वाचू शकतो. टॅग हलवता येतो, कमिटचा हॅश (त्याच्या मजकुरावरून निघणारा ओळख क्रमांक) हलवता येत नाही. म्हणून परक्याची अ‍ॅक्शन टॅगनं न घेता कमिटच्या पूर्ण ४० अक्षरी हॅशनं घ्या आणि शेजारी टिप्पणीत आवृत्ती लिहा. गिटहबचा डिपेंडाबॉट हा स्वयंचलित मदतनीस हे हॅश अद्ययावत ठेवण्याच्या पुल रिक्वेस्ट स्वतः पाठवतो. त्याहून चांगलं म्हणजे ती अ‍ॅक्शन खरंच हवी का, हे विचारणं. बदललेल्या फाइलींची यादी गिट एका ओळीत देतं.

आणि वर मांडलेल्या आराखड्यातली 'फक्त वाचायची परवानगी' ही ओळ आठवते? ती याचसाठी. एखाद्या जॉबला जास्त हवी असेल तर त्या जॉबपुरती द्या.

पायरी ८: दार लावणं

आतापर्यंत सीआय फक्त सांगत होतं. लाल असतानाही 'मर्ज'चं बटण दाबता येत होतं. सेटिंगमध्ये मेन ब्रँचला संरक्षण देऊन 'हे चेक पास झाल्याशिवाय मर्ज नाही' अशी अट घालता येते. आठवडाभर सीआय नीट चाललेलं पाहा आणि मगच ही अट लावा.

अट चेकच्या नावावर लागते. मॅट्रिक्समध्ये नावात आवृत्ती येते. उद्या ३.९ काढून ३.१४ घातलंत की जुन्या नावाचा चेक कधीच येत नाही आणि सगळ्या पुल रिक्वेस्ट 'वाट पाहत आहे' म्हणून अडकतात. म्हणून शेवटी एक छोटा जॉब ठेवतात, बाकीच्या सगळ्यांवर अवलंबून असलेला, आणि अट फक्त त्याच्यावर घालतात. पण सावध: आधीचा जॉब फसला की हा जॉब गाळला जातो, आणि गाळलेला जॉब गिटहबच्या हिशेबी यशस्वी धरला जातो. तेव्हा त्याला 'काहीही झालं तरी चाल' असं सांगून आत प्रत्येक जॉबचा निकाल स्वतः तपासावा लागतो. विचित्र वाटेल, पण असंच आहे.

याच्या उलटा सापळा पाथ फिल्टरचा. 'फक्त दस्तऐवज बदलले असतील तर टेस्ट चालवू नको' असं वर्कफ्लोच्या पातळीवर लिहिलंत आणि तो चेक सक्तीचा असेल, तर टायपो सुधारणारी पुल रिक्वेस्ट कायमची ताटकळते. छोट्या प्रकल्पात हा फिल्टर लावूच नका, टेस्ट चालू द्या.

चालू झाल्यानंतर

सीआय एकदा लावून विसरायची वस्तू नाही, पण फार लाडही लागत नाहीत. कधी पास कधी नापास होणारी टेस्ट दिसली की त्याच दिवशी तिचा बंदोबस्त करा: दुरुस्त करा, नाहीतर इश्यू उघडून ती तात्पुरती वगळा. 'पुन्हा चालवा'चं बटण दाबायची सवय एकदा जडली की खरा लाल रंगही कुणी वाचत नाही.

आठवड्यातून एकदा कमिट नसतानाही सगळं चालवा. तुम्ही काही बदललं नाही तरी तुम्ही ज्यांच्यावर उभे आहात ती पॅकेजं बदलत असतात, आणि ही बातमी एखाद्या नवख्याच्या पुल रिक्वेस्टवर फुटण्यापेक्षा तुमच्याकडे आधी आलेली बरी. वेळापत्रक क्रॉनच्या, म्हणजे युनिक्सवरच्या जुन्या वेळापत्रक साधनाच्या, भाषेत लिहायचं, वेळ यूटीसीत समजली जाते. तासाच्या ठोक्याला सगळ्या जगाचे जॉब सुटतात आणि उशीर होतो, तेव्हा ० ऐवजी १७ किंवा ४३ असं काहीतरी आडनिडं मिनिट निवडा. सार्वजनिक रिपॉझिटरीत ६० दिवस काहीच हालचाल झाली नाही तर गिटहब हे वेळापत्रक आपणहून बंद करतं.

योगदानाच्या मार्गदर्शिकेत एकच ओळ वाढवा: सीआय जे चालवतं तेच तुमच्याकडे 'मेक टेस्ट'नं चालतं. पहिली पायरी नीट केली असेल तर हे खरं असेल.

आणि सूचना चालू ठेवा. पहिल्यांदा येणाऱ्याचा वर्कफ्लो मंजुरीसाठी थांबतो, ते बटण फक्त तुम्हाला दिसतं. त्याच्या बाजूनं पाहिलं तर पुल रिक्वेस्ट पाठवून झाली, ना हिरवं ना लाल, नुसती पिवळी खूण. बदललेल्या फाइलींवर नजर टाका, वर्कफ्लोच्या फोल्डरला आणि मेकफाइलला हात लागला असेल तर जरा जास्त वेळ टाका, आणि बटण दाबा.